मी खरवडून टाकलेली जमीन

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी तोंड वाकडं करायला नको. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात जन्मलेली, जन्मभर समुद्राच्या तळाच्या गोष्टी करत आलेली बाई, आणि तिला पोहता येत नाही. कुठे बोलायला बोलावतात तेव्हा हे ऐकून लोक हसतात. हसू देत. आमच्या वाड्यात मुलींना पोहायला शिकवतच नसत, कारण मुलींनी पाण्यात जायचंच नव्हतं. पाणी पुरुषांचं. होडी, जाळं, वल्हं, वारा, सगळं त्यांचं. होडी काठाला लागली आणि टोपल्या उतरल्या की तिथून पुढचं जग बायकांचं. मासळी निवडायची, मीठ लावायचं, सुकवायची, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायचा आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. या दोन्ही जगांच्या मधे एक पट्टा उरायचा, तो म्हणजे चिखल. तो पुरुषांना नको होता. म्हणून तो आम्हाला मिळाला.

पाणी उतरायला लागलं, म्हणजे आमच्या भाषेत सुकती लागली, की आय मला आणि वाड्यातल्या चार-सहा बायकांना घेऊन खाली उतरायची. लुगडं मांड्यांपर्यंत वर खोचलेलं, कमरेला टोपली. चिखलात पाय टाकायचा म्हणजे नुसता टाकायचा नसतो. टाचेनं आधी विचारायचं, मग बोटं पसरायची, मग अंगाचा भार द्यायचा. कुठला चिखल धरतो, कुठला गिळतो, कुठे शिंपल्यातले खुबे आहेत, कुठल्या बिळात निवटी मासळी बसलीय, हे सगळं पायाला कळायचं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी खूप लांब ओसरतं. तेव्हा गुडघाभर पाण्यातून चालत गेलं की खाडीच्या पार मधोमध एक लांबट उंचवटा उघडा पडायचा. कडक, काळा, वर बारीक शिंपल्यांचा थर. बायका त्याला ओटा म्हणायच्या, कारण बाजारातल्या ओट्यावर बसावं तसं त्यावर बसून खुबे निवडता यायचे, आणि सासू-नवऱ्याच्या कानाआड हवं ते बोलता यायचं. पुरुषांनी त्याला नावसुद्धा दिलेलं नव्हतं. ते होडी घेऊन त्याला वळसा घालायचे, बस्स.

घरी आलं की निवट्यांचं कालवण. निवट्या आधी राखेत घोळवून त्यांचा बुळबुळीतपणा काढायचा, मग आंबट चिंचेत, भरपूर लसूण ठेचून. सोबत तांदळाची भाकरी. आय भाकरी थापायची तेव्हा हातातल्या बांगड्या परातीवर वाजायच्या, आणि बाहेर ओटीवर बाबा जाळ्याची फाटकी घरं विणत बसलेले असायचे. बाबा फार बोलत नसत. राग आला तर अजिबातच बोलत नसत. आय रागावली की अख्ख्या आळीला कळायचं, बाबा रागावले की आम्हा तिघांनाच कळायचं: मला, आयला आणि माझ्या मोठ्या भावाला, दादाला. मी कुणावर गेले ते वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेलच.

दहावीनंतर मी नकाशे काढायचा सरकारी कोर्स केला. वर्गात सदतीस मुलगे आणि आम्ही दोघी. पुढे वागळे इस्टेटमध्ये एका लहानशा कंपनीत चिकटले. दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, आत एसी, चपला बाहेर काढायच्या. खाली पत्रा दाबायच्या प्रेसचा कारखाना. आमचं काम असं, की कागदावरचे नकाशे कॉम्प्युटरमध्ये घालायचे. मोठं तिरकं टेबल, त्यावर नकाशा ताणून चिकटवायचा, हातात चार बटणांचं एक यंत्र, त्याला काच आणि काचेवर बारीक फुली. फुली रेषेवर ठेवायची, बटण दाबायचं, पुढे सरकायचं, पुन्हा दाबायचं. असे दिवसाला हजारो बिंदू. पडद्यावर हिरवी रेष हळूहळू उमटत जायची. खालचा प्रेस धाडकन आपटला की टेबल हलायचं आणि बिंदू चुकायचा. कल्याण-डोंबिवलीहून येणारी शिकलेली मुलं त्यावरून वैतागायची. मी दोन आठवड्यांत त्या आपटण्याची लय पकडली. दोन ठोक्यांच्या मधे माझे तीन बिंदू बसायचे. उगाच विनय दाखवत नाही, माझ्याइतका नेमका हात त्या कंपनीत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

म्हणून सफाईचं कामही माझ्याकडेच आलं. मूळ नकाशे गिऱ्हाइकाकडे राहायचे, आमच्याकडे त्यांच्या पारदर्शक फिल्मवर काढलेल्या प्रती यायच्या. त्या जुन्या कागदांवरचे डाग, घड्या, धूळ, सगळं फिल्मवर उतरलेलं असायचं. ते ब्लेडच्या टोकानं अलगद खरवडून काढायचं, म्हणजे टेबलावर बसणाऱ्याचा गोंधळ होत नाही. फिल्म भोसकायची नाही, शेजारचा आकडा पुसायचा नाही. मी श्वास धरून करायची. पटवर्धन साहेब, म्हणजे आमचे मालक, पाहुण्यांना आणून दाखवायचे, "ही आमची सुनंदा. हिच्या हातून गेलेली फिल्म आरशासारखी असते." साहेब डोंबिवलीचे, शुद्ध बोलणारे, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. माणूस वाईट नव्हता. पण घाबरट होता, आणि घाबरट माणूस वाईट माणसाइतकाच त्रास देतो.

एकदा परदेशातलं काम आलं. खोल समुद्राचे नकाशे. मी त्याआधी समुद्राचा नकाशा बघितलाच नव्हता. मला वाटायचं, जमीन असते तिथे नकाशा असतो, पाणी लागलं की निळा रंग देऊन मोकळे. आणि इथे जमिनीवर काहीच नाही, कोरी पांढरी, आणि सगळी गर्दी पाण्यात. आकडे, आकडे, आणि आकड्यांमधून जाणाऱ्या वळणदार रेषा. त्या रेषा हातानं गिरवता गिरवता तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे एकदम डोंगर उभा राहिला. पाण्याखाली डोंगर. त्याला दऱ्या, सोंडा, पठारं. आपल्या मुंब्र्याच्या डोंगराच्या कितीतरी पट मोठा, आणि त्याला कुणी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जहाजांनी वरून आवाज सोडायचा, तो तळाला आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून डोंगर ओळखायचा. मी खुळावलेच. जेवणाच्या सुट्टीत डबा सोडून त्या फिल्मवर वाकून बसायची. घरी आयला सांगितलं. ती बोंबील चिरत होती.

"समुद्राच्या खाली डोंगर हायत, आय."

"हायत तं हायत. तिथं काय रस्ता काढनार हाय कोन?"

"मला बघायचेत."

आयनं सुरी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "कामावर लोकांना असं बोलू नको गो," ती म्हणाली, "काढून टाकतील."

पुढे आमच्याच खाडीचं काम आलं, आणि इथून माझी गोष्ट सुरू होते. मुंबईच्या एका कंपनीला खाडीतून प्रवासी लाँच चालवायच्या होत्या. त्यासाठी आधी जुना नकाशा कॉम्प्युटरमध्ये घालायचा, मग त्याच्या आधारानं एक मोजणीची लाँच फिरवून खोली नव्यानं मोजायची. काम आणणारे होते जहाजावरून निवृत्त झालेले कॅप्टन साळवी. उंच, कानात केस, आवाज असा की आमच्या एसीचा आवाज ऐकू येईना. ते म्हणाले, "मोजणीच्या वेळी तुमच्यातली दोन माणसं लाँचवर पाठवा. कागदावर गिरवणाऱ्यानं एकदा तरी पाणी बघावं." साहेबांनी तिथल्या तिथे दोन मुलग्यांची नावं घेतली. एकाला तर कळव्याच्या पुलावरून जातानासुद्धा मळमळायचं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले की मी जाणार. साहेब हसले. मी बसले नाही. आठ दिवस रोज सकाळी त्यांच्या टेबलापुढे जाऊन तेच वाक्य म्हणायची, बाकी काही नाही. नवव्या दिवशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जा बाई. लेखी घेऊन येशील घरून?"

घरून. रात्री नाही, भर दुपारी जेवताना मी विषय काढला, कारण बाबांचं पोट भरलेलं असलं की ते जरा ऐकायचे. त्या दिवशी ऐकलं नाही.

"बाय होडीवर चढत नाय," ते म्हणाले. "आपल्यात नाय ते नाय."

"बाबा, तुमच्या होडीला मी बोट लावणार नाही. ती कंपनीची लाँच आहे."

"खारी तीच हाय ना? पानी तेच हाय ना? उद्या माजं जालं रितं आलं तं लोकं माज्या तोंडावर बोलतील."

"जाळी तर गेल्या तीन वर्षांपासून रितीच येतायत. वरच्या कारखान्यांचं पाणी सुटतंय म्हणून. तेव्हा कुठली बाई चढली होती?"

हे बोलायला नको होतं असं तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. खरं होतं ते. बाबांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली, हात धुतला आणि उठले. कागदावर अंगठा आयनं दिला. आणि त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पाणी हवं असलं तरी आयला सांगायचे, मी समोर तांब्या घेऊन उभी असताना. दादा मधे पडायला गेला तर त्यालाही गप्प केलं. मीही हट्टी. मीही मुद्दाम त्यांच्यासमोर बसून जेवायची.

नकाशाचं काम मीच केलं. फिल्म खरवडली, बिंदू घातले, आकडे टाइप केले. तुम्ही म्हणाल, स्वतःची खाडी, तुला ओळखू कशी आली नाही? नाही आली. खाडी मी कधी वरून बघितलीच नव्हती. मी ती पायानं आणि नाकानं ओळखायची. शिवाय नावं इंग्रजी, जुनी, उत्तर वर धरून काढलेली, आणि टेबलावर एका वेळी वीतभर तुकडा. काम संपल्यावर मोठा छापा काढला. तेव्हा रंगीत पेनं धरून कागदावर सरसर धावणारं एक यंत्र असायचं. निळं पेन काठ काढत गेलं, काळं पेन आकडे. मी शेजारी उभी. कागद पूर्ण खाली आला, मी दोन पावलं मागे सरले. आमचा वाडा कुठे आहे ते मला दिसलं. मिठागराचं वळण दिसलं. आणि वाड्याच्या समोर, मधोमध, जिथे आमचा ओटा असायला हवा, तिथे पाणी होतं. तीन फूट, चार फूट, तीन फूट, असे आकडे ओळीनं लिहिलेले. माझ्याच हातानं लिहिलेले.

जुन्या नकाशांची एक रीत आहे. आकडा नुसता असला तर तितकं पाणी. आकड्याच्या खाली बारीकशी रेघ असली तर उलटं. ओहोटीला ती जागा तितकी पाण्याच्या वर येते. मला रीत माहीत होती. मी धावत जाऊन फिल्म दिव्याच्या काचेवर धरली. आकड्यांखाली काही नव्हतं. स्वच्छ. आरशासारखी. मग मी फिल्म तिरकी केली, आणि प्रत्येक आकड्याखाली ब्लेडचा ओरखडा चमकला. दोन आठवड्यांपूर्वी धुरकट, तुटक, केसासारख्या दिसणाऱ्या त्या रेघा मी घाण समजून एकेक करून खरवडून काढल्या होत्या. श्वास धरून. माझी आय, आजी, वाड्यातल्या सगळ्या बायका जिथे पाय रोवून उभ्या राहिल्या, ती जमीन मी ब्लेडनं साफ केली होती, आणि वर त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. मी तिथे खाली फरशीवर बसले आणि रडले. रागानं. स्वतःवरच्याच.

साहेबांना सांगितलं तेव्हा आधी त्यांचा विश्वासच बसेना. मग ओरखडे दाखवले.

"फिल्मवर रेघ नाही ना?" ते म्हणाले. "मग झालं तर. आपण नकाशे बनवत नाही, आपण नकाशे उतरवतो. समोर जे आहे ते उतरवलं."

"समोर होतं ते मी खरवडलं, साहेब."

"हे फक्त तुला आणि मला माहीत आहे." मग जरा मऊ आवाजात, "हे बघ, उद्या कॅप्टन छापे न्यायला येतायत. त्यांना कळलं की आपण जमिनी खरवडतो, तर पुन्हा काम देतील? आणि तुझं लाँचवर जाणं? चूक करणाऱ्याला कोण पाठवतं? गप्प राहिलीस तर सोमवारी तू लाँचवर असशील. मोजणीत ते आपोआप सापडेल. काही बिघडत नाही."

बिघडत नाही. त्या संध्याकाळी मी इस्टेटपासून घरापर्यंत चालत आले आणि सारखं तेच घोळवत होते. खोटं कशाला सांगू, मोह झाला. एक वाक्य गिळायचं आणि सोमवारी पाण्यावर. त्या लाँचसाठी मी बाबांचं बोलणं घालवून बसले होते. आता तीच जायची असेल तर माझ्या हातात राहिलं काय? पण मग असं डोळ्यांपुढे आलं, की लाँच माझा नकाशा बघून सुकतीला सरळ ओट्यावर जाऊन रुतणार, वाड्यातले पुरुष काठावर उभे राहून हसणार, आणि कुणीतरी विचारणार, नकाशा कुणी काढला? ते एक. आणि दुसरं त्याहून मोठं. लाँच तिथे पोचलीच नाही, मोजणी थोडी अलीकडेच थांबली, तर? तर तो आकडा तसाच राहणार, त्यावरून पुढचा नकाशा, त्यावरून त्याच्या पुढचा. आज माझी भाची फोनवर खाडी काढून दाखवते. सगळीकडे एकसारखा निळा रंग, त्यात आमचा चिखल नाही की काही नाही. ती म्हणते, "आत्या, सॅटेलाइटवरून घेतलंय, चूक कसं असेल?" मी तिला सांगते, बाई, त्या निळ्यामागे कुणीतरी माझ्यासारखीच ब्लेड घेऊन बसलेली असेल.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन आले. साहेबांनी चहा मागवला, छापे पसरले. मी न बोलावता आत गेले आणि ओट्यावर बोट ठेवलं.

"इथे पाणी नाही. इथे जमीन आहे. आकड्यांखालच्या रेघा मी घाण समजून खरवडल्या. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

साहेबांनी कप बशीत ठेवला. "सुनंदा, बाहेर जा."

"जाते. पण हे दुरुस्त झाल्याशिवाय त्या छाप्यावर माझी सही होणार नाही." प्रत्येक छाप्याच्या कोपऱ्यात काम करणाऱ्याची सही लागायची. ती चौकट अजून रिकामी होती.

कॅप्टननी चष्मा कपाळावर चढवला. "मूळ नकाशा माझ्या कपाटात आहे, रेघा मी बघून घेईन. पण तो जुना आहे. तो उंचवटा आज तिथे आहेच हे तुला कशावरून माहीत?"

"आम्ही तिथे चालतो," मी म्हणाले. "रविवारी अमावास्या आहे. या. होडी लागत नाही. पँट वर करायची तयारी ठेवा."

ते गेल्यावर साहेबांनी मला टेबलावरून उठवलं, झेरॉक्सच्या खोलीत बसवलं आणि लाँचच्या यादीतून नाव खोडलं. माझ्यासमोर, पट्टी लावून, सरळ रेघेत. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

रविवारी कॅप्टन खरंच आले. साहेबही आले, पॉलिशचे बूट घालून. बाबा काठावर जाळं वाळत घालत होते, त्यांनी पाठ फिरवली. आयनं कॅप्टनना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बूट काढा साहेब. चिखल बूट घेतो, परत देत नाय." त्यांनी निमूट काढले. पटवर्धन साहेब काठावरच थांबले. आम्ही निघालो, पुढे आय, मधे कॅप्टन, मागे मी. दोनदा ते मांडीपर्यंत गेले, दोनदा आयनं त्यांना दंडाला धरून उपसलं आणि कानउघाडणी केली, "टाचेनं विचारा आधी. सारखे काय धावता." अर्ध्या तासानं पायाखाली शिंपल्या करकरल्या. ओटा. वाड्यातल्या सात-आठ बाया आधीच तिथे बसून खुबे निवडत होत्या. अनोळखी पुरुष बघून त्यांनी लुगडी सावरली आणि मग सवयीनं पुन्हा कामाला लागल्या. कॅप्टननी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला छापा उघडला, काठावरच्या खुणा बघून आपली जागा शोधली, आकडा वाचला. मग आपल्या चिखलानं माखलेल्या पायांकडे बघितलं.

"म्हणजे या कागदाप्रमाणे मी आत्ता तीन फूट पाण्यात उभा आहे."

बायांमध्ये खसखस पिकली. आयनं विचारलं, "मग हे पुसनार का लिवनार?"

"लिहिणार," ते म्हणाले. "नाव काय याचं?"

नाव सांगायला मी तोंड उघडलं, तोवर सात-आठ जणींनी एकदम सांगितलं.

परत काठावर येईपर्यंत कॅप्टननी ठरवलेलं होतं. पाय धुता धुता ते पटवर्धन साहेबांना म्हणाले, "उद्या लाँचवर ही मुलगी पाहिजे."

"पण चूक तिचीच—"

"चूक तिची, आणि ती सांगणारीही तीच. बाकीच्यांनी काय काय खरवडलंय ते मला कुठे कळणार आहे?"

सोमवारी मी लाँचवर चढले. धक्क्यावर वाड्यातले निम्मे पुरुष जमलेले. कुणी हात दिला नाही. मी फळीवरून एकटी गेले, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. कॅप्टननी मला यंत्रापुढे बसवलं. त्यात एक काटा सरकत्या कागदावर फिरायचा आणि जळका वास येऊन काळी रेष उमटायची. ती रेष म्हणजे तळ. माझ्या खाली, गढूळ पाण्याच्या खाली, आत्ता, या क्षणी असलेला तळ. चढत होता, उतरत होता. इतके महिने मी दुसऱ्यांनी काढलेल्या रेषा गिरवत होते, आणि ही माझ्यासमोर जन्मत होती. मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मला आनंद झाला, एवढंच लिहिते. माझं काम होतं, ठरावीक वेळानं खोलीचा आकडा मोठ्यानं पुकारायचा. कॅप्टन वहीत उतरवून घ्यायचे.

ओट्याला वळसा घालून आम्ही खोल पाण्याकडे आलो तेव्हा बाबांची होडी दिसली. दादा आणि ते, दोघे जाळ्याचे खांब रोवत होते. त्यांच्या अगदी जवळून जायचं होतं. बाबांनी लाँच बघितली, मला बघितलं, आणि पाठ केली. एकवीस दिवस झाले होते त्या पाठीला. माझं डोकं फिरलं. पुढचा आकडा पुकारायची वेळ झाली, तेव्हा मी फूट सोडून दिले. आमच्याकडे पुरुष पाणी वावात मोजतात, दोन हात पसरून होतं तेवढं एक वाव. मी मनात हिशेब केला, उभी राहिले आणि बाबांच्या पाठीवर फेकावा तसा आकडा ओरडले.

"सव्वा वाव."

कॅप्टननी वर बघितलं. यंत्राचा आवाज चालू होता. होडी मागे सरकायला लागली.

"दीड," पाठ म्हणाली.

मला आधी वाटलं, भास झाला. मग बाबा वळले. हातात बांबू तसाच. "सव्वा कुठं? दीड हाय तिथं. तुजं यंत्र चिखलावरच थांबतंय. मऊ चिखल हाय तो, त्याच्या खाली जमीन."

"यंत्र सव्वा दाखवतंय."

"यंत्राला काय माहीत? मी चालीस वरसं तिथं बांबू घालतंय."

"मग चाळीस वर्षं तुमचा बांबू चिखलात रुततोय, बाबा. पाणी सव्वाच आहे."

दादानं तोंड फिरवलं, हसत असावा. कॅप्टननी पेन उचलून धरलं. "काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणाले, दोन्ही लिहा. पाणी सव्वा, मऊ चिखल धरून दीड. पुढे कितीतरी वर्षांनी समुद्राचा तळ मोजणाऱ्या मोठ्या जहाजावर मला कळलं की ते दोन्ही आकडे बरोबर होते, आणि दोन्ही लिहावेच लागतात. पण त्या दिवशी ते मला माहीत नव्हतं, आणि बाबांनाही नव्हतं. खाडीच्या पाण्यावरून बाबा दादाशी भांडायचे, शेजारच्यांशी भांडायचे, एकदा तर सख्ख्या भावाशी भांडले होते. बाईशी कधी भांडले नव्हते. लाँच लांब गेली तरी ते होडीत उभे राहून "दीड" म्हणत होते, आणि मी कठडा धरून "सव्वा" म्हणत होते, घसा बसेपर्यंत.